घरची सुशी: माकी की तेमाकी?

तोक्योतल्या निशिकासाईत राहायला आलो, तेव्हा पहिली दोन वर्षं पाहुण्यांसाठी मी माकीच करायचो. बांबूच्या छोट्या चटईवर अख्खी नोरी (समुद्रशैवालाचं कागदासारखं पान), वर भात, मधे काकडी नाहीतर ताकुआन (मुळ्याचं लोणचं), आणि अळूवडीचा उंडा वळावा तसं वळायचं. हल्ली तेमाकी, म्हणजे ज्याने त्याने हातावर वळायची सुशी, करतो. भात दोन्हीला एकच, चौघांना ३ गो, म्हणजे साधारण ४५० ग्रॅम तांदूळ.

दिसायला माकी सरस, यात वाद नाही. तेमाकीत भाताचं भांडं, नोरीचे तुकडे आणि सारणं टेबलावर मांडली की यजमान मोकळा. ज्याने त्याने हातावर वळून खायचं. आई इथे आली होती तेव्हा म्हणाली, "पाहुण्यांनाच कामाला लावलंस की रे!"

माकी कापायलाही त्रास होतो. दर कापाला सुरी ओल्या फडक्याने पुसली नाही, तर भात चिकटतो आणि काकडी बाहेर येते. पण चार वेळा केलं की हात बसतो.

माझा धीर सुटला तो नोरीपायी. सातला जेवायचं म्हणून साडेपाचला वळून ठेवावं, तर तोवर ती भातातला ओलावा ओढून पापडासारखी सादळलेली. दाताने तुटत नाही, ओढावी तर आतलं सगळं पाहुण्याच्या मांडीवर. फ्रिजमध्ये ठेवावं तर भात टणक. आणि ऐन वेळी वळत बसलो, तर गप्पा बाहेर नि मी ओट्याशी. कोनबिनीतल्या (चोवीस तास उघड्या दुकानातल्या) ओनिगिरीत, म्हणजे नोरीत गुंडाळलेल्या भाताच्या मुटक्यात, भात आणि नोरी यांच्यामध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असतो, तो याचसाठी. फुतोमाकीची (जाड माकीची) मऊ नोरी मुद्दाम आवडणारेही आहेत, हे खरं. मला बुवा नाही जमलं.

तेमाकीत नोरी शेवटपर्यंत पाकिटात राहते. एका पानाचे चार तुकडे करायचे, त्यावर जेमतेम चमचा-दीड चमचा भात पातळ पसरायचा (पहिल्यांदा सगळेच जास्त घेतात), आणि पाणीपुरीसारखं लगेच तोंडात. कुरकुरीत लागते. भात मात्र ओल्या फडक्याखाली, बाहेरच ठेवा.

शिवाय आपल्याकडे कुणाचा मंगळवार, कुणाला अंडंही चालत नाही. साशिमी (कच्च्या मासळीचे काप) आणि तामागोयाकी (अंड्याची गुंडाळी) टेबलाच्या एका टोकाला, आवोकाडो, काकडी, शिसो (सुवासिक पानं), उमेबोशी (खारवलेलं आंबट फळ) दुसऱ्या टोकाला, चिमटे वेगळे. माकीत कुठला काप कशाचा, हे मला दर वेळी उभं राहून सांगावं लागे.

डबा न्यायचा असेल, किंवा पाहुणे जरा मानापानाचे असतील, तर माकी करा. चौघं-सहा जण ओळखीचे असतील, तर मी तरी तेमाकीच म्हणेन. चटई टाकून दिलेली नाही. फेब्रुवारीच्या सुरुवातीला सेत्सुबुनच्या सणाला एहोमाकीसाठी, म्हणजे त्या दिवशीच्या खास माकीसाठी, ती लागते. ही माकी न कापता, अख्खीच खायची असते, आणि आमच्याकडे वळल्या वळल्या संपते.