कमी उत्सर्जनाच्या जहाजांची सेवा : वाळूजच्या एका निर्यातदाराचे मत

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत आमचा गिअरबॉक्सचे सुटे भाग तयार करण्याचा लहान कारखाना आहे आणि त्यातील बराचसा माल जर्मनीला जातो. गेल्या वर्षी तिकडच्या खरेदीदाराने मालाच्या वाहतुकीतून किती कार्बन उत्सर्जन झाले, याचा लेखी हिशेब मागितला, तेव्हा आमच्या जहाज कंपनीने जादा भाडे घेऊन कमी उत्सर्जनाच्या इंधनावर माल नेण्याची सेवा सुचवली. ही सेवा आता युरोपातल्या बहुतेक मोठ्या कंपन्या देतात. त्यामुळे कंपनीचे नाव न घेता सेवेचाच अनुभव येथे मांडत आहे. वर्षभरात आम्ही तिच्यातून वीस फुटी चार कंटेनर पाठवले.

या सेवेची माहिती देताना कंपन्या आपली नवी जहाजे पुढे करतात, आणि ती जहाजे खरोखरच दखल घेण्याजोगी आहेत. मेर्स्क कंपनीचे ‘लॉरा मेर्स्क’ हे मिथेनॉलवर चालू शकणारे जगातले पहिले कंटेनर जहाज २०२३ मध्ये कोपनहेगनला नामकरण होऊन सेवेत आले. त्याची क्षमता वीस फुटी सुमारे २,१०० कंटेनरांची आहे. पाठोपाठ २०२४ च्या जानेवारीत दक्षिण कोरियात बांधलेले ‘आने मेर्स्क’ आले, ते सुमारे १६,००० कंटेनर वाहून नेते. त्याच्या बांधणीतला एक बदल मला विशेष वाटतो. खलाशांची निवासव्यवस्था आणि नियंत्रणकक्ष नेहमीप्रमाणे मागे न ठेवता थेट नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे नेलेला आहे, त्यामुळे मागची सलग जागा मालासाठी मोकळी राहते. मिथेनॉलमध्ये तेलाच्या निम्मीच ऊर्जा असल्याने तेवढ्याच प्रवासासाठी टाक्या अडीचपट मोठ्या लागतात, हे लक्षात घेतले की जागेच्या या काटकसरीचे मोल कळते. दुसरीकडे सीएमए सीजीएमसारख्या कंपनीने २०२० पासूनच द्रवरूप नैसर्गिक वायूवर चालणारी, २३,००० कंटेनरांची जहाजे आणली. वायूमुळे काजळी आणि गंधक जवळजवळ नाहीसे होते, परंतु इंजिनातून थोडा मिथेन न जळता निसटतो आणि हवा तापवण्याची त्याची ताकद कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी अधिक असते. म्हणून माझा कौल मिथेनॉलच्या बाजूने आहे, अर्थात ते मिथेनॉल दगडी कोळशापासून किंवा नैसर्गिक वायूपासून केलेले नसेल तरच. शेतातल्या टाकाऊ काडीकचऱ्यापासूनही ते तयार करता येते, हे वाचले तेव्हा आपल्याकडे वेचणी संपल्यावर बांधावर पेटवल्या जाणाऱ्या पऱ्हाटीची आठवण झाल्याशिवाय राहिली नाही.

मात्र आपला कंटेनर या नव्या जहाजातून जाईल, असे ही सेवा सांगत नाही, आणि येथे नवख्या निर्यातदाराची फसगत होऊ शकते. आमच्या पहिल्या कंटेनरच्या बिल ऑफ लेडिंगवरचे, म्हणजे जहाज कंपनी देते त्या मालाच्या पावतीवरचे, जहाजाचे नाव घेऊन मी त्याची नोंद पाहिली, तर ते २००८ साली बांधलेले, साध्या तेलावर चालणारे जहाज निघाले. विचारणा केल्यावर खुलासा मिळाला की, आमच्या मालाला जेवढे इंधन लागले असते तेवढे वापरलेल्या खाद्यतेलापासून तयार केलेले जैवइंधन कंपनीच्या ताफ्यातल्या दुसऱ्या जहाजात जाळले गेले आणि त्याची बचत आमच्या नावे लिहिली गेली. या पद्धतीत मला खोट वाटत नाही. महावितरणला जादा दर देऊन हरित वीज घेणाऱ्या कारखान्याच्या तारेतून परळीच्या केंद्रातली कोळशाची वीजही येतच असते, तरी त्याने मोजलेल्या पैशाच्या बदल्यात तेवढी सौर किंवा पवन वीज जाळ्यात आलेली असते. पण ही गोष्ट बुकिंगच्या वेळीच स्वच्छ शब्दांत सांगायला हवी होती. माहितीपत्रकावर नव्या जहाजाचे छायाचित्र छापून ती ग्राहकाच्या तर्कावर सोडणे योग्य नाही.

वाचलेल्या उत्सर्जनाचे जे प्रमाणपत्र कंपनी देते, त्याबाबतचा अनुभव त्याहून वाईट आहे. पहिले प्रमाणपत्र माल पोहोचल्यावर सव्वादोन महिन्यांनी आले, आणि तोपर्यंत खरेदीदाराची तीन स्मरणपत्रे येऊन गेली होती. त्यात उत्सर्जनाचा आकडा केवळ समुद्रप्रवासाचा होता. इंधन कशापासून तयार झाले आणि त्याची तपासणी कोणत्या त्रयस्थ संस्थेने केली, हे आम्ही मागितल्यावरच जोडले गेले. तिसऱ्या कंटेनरपासून या अटी आम्ही बुकिंगपूर्वी लिहून घेतो आणि तेव्हापासून कागद तीन आठवड्यांत मिळतात.

भाड्याच्या बिलात उत्सर्जनाचा वेगळा अधिभार दिसतो, त्याची आणि या सेवेच्या जादा दराची गल्लत करू नये. युरोपीय संघाने जानेवारी २०२४ पासून जहाजांना कार्बनच्या दामाखाली, म्हणजे उत्सर्जनासाठी पैसे मोजण्याच्या नियमाखाली आणले. भारतातून युरोपला जाणाऱ्या फेरीचे निम्मे उत्सर्जन त्यात धरले जाते, आणि त्यातला दाम भरण्याचा हिस्सा २०२४ साठी ४० टक्के, २०२५ साठी ७० टक्के आणि २०२६ पासून पूर्ण असा चढत गेला आहे. हा अधिभार सक्तीचा आहे, हरित सेवा ऐच्छिक आहे. सर्व जगासाठी तसाच नियम करण्याचा निर्णय आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने ऑक्टोबर २०२५ मध्ये वर्षभर पुढे ढकलला, याचे मला मनापासून वाईट वाटले, कारण नियम सर्वांना सारखा नसेल तोवर स्वखुशीने जादा पैसे मोजणारा लहान कारखानदारच किमतीच्या स्पर्धेत मागे पडतो.

इंधनाने केलेली बचत मार्गाने कशी खाऊन टाकली, हेही सांगितले पाहिजे. तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे आमचे चारही कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून गेले. सुएझमार्गे मुंबई ते रॉटरडॅम हे अंतर सुमारे ६,३०० सागरी मैल आहे, वळशाने ते साडेदहा हजारांच्या पुढे जाते. यात कंपनीचा दोष नाही. परंतु बचत मोजताना मूळ उत्सर्जन कोणत्या मार्गाचे धरले, हे प्रमाणपत्रावर स्पष्ट असावे. आमच्या पहिल्या दोन प्रमाणपत्रांवर ते नव्हते.

मराठवाड्याला समुद्र नाही, म्हणून आमच्या कंटेनरचा प्रवास डिझेलच्या ट्रेलरवर सुरू होतो. टनामागे आणि किलोमीटरमागे पाहिले तर रस्त्यावरचे उत्सर्जन जहाजाच्या कित्येक पट असते, आणि वाळूज ते न्हावाशेवा बंदर हा टप्पा या सेवेत कुठेच मोजला जात नाही. जालन्याजवळच्या ड्राय पोर्टची, म्हणजे समुद्रापासून दूर कंटेनर हाताळण्यासाठीच्या कोरड्या बंदराची पायाभरणी २०१५ साली झाली, तेव्हापासून या भागातले निर्यातदार रेल्वेच्या भरवशाच्या वेळापत्रकाची वाट पाहत आहेत. चौथा कंटेनर आम्ही माळीवाड्याच्या कंटेनर आगारातून रेल्वेने बंदरावर पाठवला. त्याला चार दिवस अधिक लागले, त्यामुळे जहाजाची वेळ गाठण्यासाठी कारखान्यातले उत्पादन आठवडाभर आधी संपवावे लागले. खरेदीदाराला रेल्वेच्या टप्प्याचा हिशेब आम्ही स्वतः करून दिला, आणि पुढच्या दोन कंटेनरांसाठी त्याने ते जादा दिवस करारातच मान्य केले आहेत.