एस ईव्ही, आठ महिन्यांनंतर: पॅनलवरचे किलोमीटर आणि भिंतीवरचा मीटर

२००५ साली आलेल्या टाटा एस या छोट्या मालट्रकला लोकांनीच 'छोटा हत्ती' म्हटलं आणि मग हत्तीसारखाच माल लादला. कागदावर पाऊण टन, प्रत्यक्षात दीड. विजेवरच्या एसला, म्हणजे एस ईव्हीला, ही खोड परवडत नाही. मे २०२२ मध्ये कंपनीने ती आणली तेव्हा ॲमेझॉन, बिगबास्केट, फ्लिपकार्ट वगैरे मंडळींशी ३९,००० गाड्यांचे करार सोबतच जाहीर केले होते. गाडी कोणासाठी बनली ते त्यावरून कळतं: ठरलेला रस्ता, वजनाने हलका पण जागा खाणारा माल, आणि रात्रीचा मुक्काम एकाच ठिकाणी.

हा अनुभव ६०० किलो क्षमतेच्या, २१.३ युनिट एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरीच्या मॉडेलचा. वापर पुण्यात, मार्केट यार्ड, सिंहगड रोड, भोसरी या पट्ट्यात.

आधी वजन. २० लिटरचे पाण्याचे जार २८ झाले की ६०० किलोला टेकलात. घरगुती गॅसची भरलेली टाकी साधारण ३० किलोची, म्हणजे २० टाक्या. यापुढे गाडी जागेवरून हलते, १३० न्यूटन-मीटरचा टॉर्क (चाक फिरवणारा जोर) पहिल्या क्षणापासून मिळतो, त्यामुळे ड्रायव्हरला वाटतं 'ओढतेय की!' ओढते, पण बॅटरी, टायर आणि स्प्रिंगचे पाटे तिघंही त्याची किंमत मोजतात. पाव, पार्सल, फरसाण, औषधं यांना मात्र २०८ घनफुटांचा कंटेनर एकदम योग्य. जड माल असेल तर २०२४ मध्ये आलेलं एक टनाचं मॉडेल बघा, यात जीव अडकवू नका.

रेंज प्रमाणपत्रावर १५४ किमी, म्हणजे युनिटला सव्वासात किमी. भरलेल्या गाडीची फेरी १०० ते ११० किमी, म्हणजे प्रमाणपत्राच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास, धरूनच आखावी. डिझेलवाल्यांना उलटं वाटेल, पण गर्दीत रेंज फारशी पडत नाही. ब्रेक लावताना मोटर थोडी वीज परत भरते. पडते ती मोकळ्या बायपासवर. कंटेनरचं कपाळ सरळ उभं, आणि हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. एक बारकावा: १०० टक्के भरून लगेच उताराला लागलात तर परत भरायला बॅटरीत जागाच नसते, मग गाडी नेहमीसारखी आवरत नाही. कात्रज घाटाच्या वर मुक्काम असेल तर ९० टक्क्यांवर थांबवा.

मात्र आठवड्यातून एकदा पूर्ण १०० टक्के भराच. एलएफपी सेलचं व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळजवळ सपाट राहतं, त्यामुळे किती चार्ज उरलाय याचा बॅटरीच्या कंट्रोलरला नुसत्या व्होल्टेजवरून नीट अंदाज येत नाही. रोज ३० ते ८० मध्येच खेळत राहिलात तर आकडा सरकतो, आणि एखाद्या दिवशी १८ टक्के दिसता दिसता ९ होतात. पूर्ण भरलं की आकडा पुन्हा जागेवर येतो, सेलही समतोल होतात.

आता पैशाचं. बॅटरीत २१.३ युनिट घालायला भिंतीवरच्या मीटरमधून साधारण २४ जातात. बाकी चार्जरच्या उष्णतेत. ११० किमीला २४ युनिट म्हणजे किमीला ०.२२. दहा रुपये दर धरला तर २ रुपये २० पैसे. नव्वदच्या आसपासचं डिझेल आणि लिटरला १८ किमी धरलं तर ५ रुपये. फरक पावणेतीन रुपयांचा, महिन्याला २,५०० किमीवर सात हजारांच्या घरात. हीच गाडी रोज सार्वजनिक फास्ट चार्जरवर २० रुपये युनिटने भरलीत तर किमीला चार रुपये पडतात आणि रांगेतला वेळ वेगळा. स्वतःचं पार्किंग आणि स्वतःचं सॉकेट नसेल तर ही गाडी घेऊ नये, इतकं हे साधं आहे. टीओडी मीटर (दिवसाच्या वेळेनुसार वेगळा दर लावणारा) असेल तर संध्याकाळी गाडी आली की लगेच प्लग लावू नका. त्या वेळचा दर चढा असतो. टायमर लावा.

सॉकेटवर कंजुषी करणारे सगळ्यात जास्त रडतात. सात तास सलग १३ अँपियर म्हणजे गिझर रात्रभर चालू ठेवल्यासारखं. घरगुती १५ अँपियरच्या पांढऱ्या सॉकेटची पितळी पकड तापून सैल होते, सैल झाली की आणखी तापते, आणि एक दिवस प्लगची पिन तपकिरी होऊन निघते. त्याऐवजी निळं इंडस्ट्रियल सॉकेट, ४ चौरस मिमी तांब्याची वायर थेट मीटरपासून, २० अँपियरचा एमसीबी (जास्त करंट झाला की तोडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (करंट गळला की तोडणारा). एक्स्टेन्शन बोर्ड नको. आणि गुंडाळलेली वायर तर नकोच, वेटोळ्यातली उष्णता बाहेर पडत नाही. 'चार्जिंग सुरूच होत नाही' या तक्रारीचं मूळ पुष्कळदा गाडीत नसून अर्थिंगमध्ये असतं. लोड चालू असताना न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मल्टिमीटर लावा. ३ व्होल्टच्या आत हवं. दहा-बारा दिसले तर आधी अर्थिंगचा खड्डा बघा, मग सर्व्हिस सेंटरला फोन.

दुसरी फसवी गोष्ट १२ व्होल्टची छोटी बॅटरी. मोठी बॅटरी ८० टक्के भरलेली असली तरी ही बसली तर मुख्य कॉन्टॅक्टर (मोठी बॅटरी गाडीला जोडणारे स्विच) जोडलेच जात नाहीत आणि गाडी मुडद्यासारखी पडते. सुट्टीत आठवडाभर उभी करताना केबिनचा दिवा, जीपीएसचा डबा, मोबाईल चार्जर काढून ठेवा. बंद गाडीत १२.२ व्होल्टच्या खाली दिसलं की तिच्याकडे बघायची वेळ आली समजा.

पावसाळ्यात बॅटरीच्या आयपी ६७ ची (धूळ-पाणी आत न जाण्याच्या दर्जाची) फुशारकी मारून पाण्यात घालू नका. ती चाचणी बॅटरीच्या डब्याची, सगळ्या कनेक्टरची नाही. धुताना नारिंगी (उच्च व्होल्टेजच्या) वायरींच्या जोडांवर प्रेशर गन मारायची नाही. ब्रेकचा वापर कमी, म्हणून लायनर टिकतात, पण ओल्या दिवसांत ड्रम गंजून चिकटतात. सकाळी पहिल्या शंभर मीटरवर दोन-तीनदा ब्रेक दाबून मोकळे करावेत.

परमिटची कटकट नाही. बॅटरीवरच्या व्यावसायिक गाड्यांना २०१८ पासून परमिटमधून सूट आहे. पासिंग आणि विमा अर्थातच लागतात.

आज नव्याने घेणाऱ्याने जून २०२५ मध्ये ६.५० लाखांपासून आलेली एस प्रो ईव्हीही तोलून बघावी. बॅटरी फक्त १४.४ युनिट, तरी कागदावर १५५ किमी आणि ७५० किलो. रेंज मोठ्या बॅटरीने नाही, हलक्या गाडीने मिळवलेली. किंमत उतरली ती त्यामुळेच. तिलाही प्रमाणपत्राच्या दोन-तृतीयांशाचा नियम लावा, म्हणजे शंभर किमी. तुमची फेरी ७०-८० ची असेल तर मोठ्या बॅटरीचे पैसे कशाला भरायचे?

आणि गाडी बंद पडली तर दोरीने ओढत नेऊ देऊ नका. चाकांबरोबर मोटर फिरते आणि वीज तयार करते. फ्लॅटबेडच मागवा, गॅरेजवाला कितीही 'दोन किलोमीटरच तर आहे, साहेब' म्हणाला तरी.