ड्राइव्हचा ट्रिम पुरे, की टॅब बसवावेत?

नव्या सीझनआधी मोटरबोटीला ट्रिम टॅब (बोटीच्या पाठीला खाली, दोन बाजूंना लावायचे वरखाली होणारे पत्रे) बसवून घ्यावेत, की स्टर्नड्राइव्हच्या (इंजिन आत, प्रॉपेलरचा पाय मागे बाहेर) ट्रिमवरच, म्हणजे तो पाय आत-बाहेर कलवण्यावरच, भागवावं, या विचारात असाल तर माझा अनुभव कदाचित उपयोगी पडेल. माझी बोट 22 फुटी, खोल व्ही तळाची, एका प्रॉपेलरची. फेऱ्या बहुतेक गेटवे ते मांडवा. तीन सीझन नुसत्या ड्राइव्हवर काढले, गेले दोन टॅब लावून.

ड्राइव्हचा ट्रिम मला आजही आवडतो. पूर्ण आत घेऊन बोट प्लेनवर आणायची, म्हणजे वेगाने पाण्यावर उचलून धावायला लावायची, मग अंगठ्याखालचं बटण टिचक्या मारल्यासारखं दाबत ड्राइव्ह हळूहळू बाहेर सोडायचा. एका क्षणी स्टिअरिंग हातात हलकं होतं, आरपीएम चढतात, तळाखालच्या पाण्याचा आवाज पातळ होतो. तिथे थांबायचं. त्यापुढे सोडलं की नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वरखाली डुलायला लागते. गेजकडे मी फारसं बघतच नाही, मनगटाला कळतं तेवढं पुरतं. सकाळी पाणी सपाट असताना यापलीकडे काहीही लागत नाही.

अडचण दुपारची. वायव्येचा वारा सुटला की मांडव्याहून परतताना तो डाव्या बाजूने, नाळेवर येतो. वारा नाळ ढकलतो, म्हणून आपण स्टिअरिंग किंचित डावीकडे धरून ठेवतो, आणि बोट वाऱ्याच्याच अंगावर रेलते. त्यात एकच उजवं फिरणारं प्रॉपेलर असेल, तर त्याचा पीळही डावी बाजूच दाबतो. मग व्हीची धार लाट कापत नाही, तळाचा सपाट भाग लाटेवर आपटतो, आणि तुषार सगळे डावीकडच्या बाकावर.

ड्राइव्हने यावर इलाज होत नाही. तो नाळ वर करतो किंवा खाली घेतो, बोटीचा कल काढत नाही. उरतो एकच उपाय, माणसं हलवणं. हेच मला असह्य झालं. वीस वर्षांनी भेटायला आलेल्या मामांना दर दहा मिनिटांनी "मामा, जरा उजवीकडे सरकता का?" म्हणायचं. एका फेब्रुवारीत आई डावीकडे बसली होती. तिच्या मणक्याचा त्रास जुना, तेव्हा चालत्या बोटीत तिला उठवणं शक्य नव्हतं. पाऊण वाटेत तिने दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरला होता, पदर ओला होऊन खांद्याला चिकटला होता, आणि ती एक शब्द बोलली नाही. त्या पावसाळ्यात मी टॅब बसवले.

आता तोच वारा आला की डावा टॅब थोडा खाली सोडतो, बोट सरळ होते, ज्याला जिथे बसायचं तिथे तो बसतो. स्विचची सवय व्हायला मात्र दोन-चार फेऱ्या जातात. माझ्याकडच्या पॅनेलवर नाळ खाली घेण्याचं उजवं बटण दाबलं की डावा टॅब उतरतो, कारण बटणावर नाळेची बाजू लिहिलेली असते, टॅबची नव्हे. दुसरा फायदा मला अपेक्षित नव्हता. बोट आता कमी वेगातही प्लेनवर टिकते. पूर्वी अठरा नॉटच्या खाली ती बसायची, आता साधारण पंधरापर्यंत धरते. हा माझा अंदाज, मोजणी नव्हे. पण खवळलेल्या पाण्यात तेवढा वेग कमी करता येणं म्हणजे पाठीला केवढा आराम! डिझेल-पेट्रोलचा फरक पडतो का, ते छातीठोकपणे सांगणार नाही.

टॅबचे जाच आहेतच. जाताना लाटा पाठीमागून येतात, तेव्हा ते पूर्ण वर हवेत, नाहीतर नाळ पुढच्या लाटेत घुसते आणि बोट हाताबाहेर वळू पाहते. तिथे ड्राइव्ह थोडा बाहेर सोडणं हेच खरं. रिव्हर्स घेण्याआधीही टॅब वर. मुरिंगवर पाण्यात राहणाऱ्या बोटीला शिंपले-शेवाळ धरतं, म्हणून पत्र्यांना अँटीफाउलिंग (शेवाळ धरू न देणारा रंग) आणि प्रत्येकी एक झिंकचा अ‍ॅनोड (पत्र्यांऐवजी स्वतः झिजणारा तुकडा) हवा, तोही वेळच्या वेळी बदलावा लागतो.

धरणाच्या शांत पाण्यात एकटे-दुकटे फिरत असाल, किंवा एकमेकांच्या उलट दिशेने फिरणारी दोन प्रॉपेलर असतील, तर कदाचित खर्च करू नये. मांडव्याच्या वाटेवर घरची माणसं घेऊन जाणाऱ्याला मात्र मी बसवा असंच सांगेन.

मापाचा ढोबळ नियम बोटीच्या दर फुटाला एका बाजूचा टॅब एक इंच रुंद, असा. माझ्या बोटीच्या पाठीवर ड्राइव्हच्या दोन्ही बाजूंना तेवढी जागा नव्हती, 18 इंचीच बसले, तरी काम भागतं. भोकं पाण्याच्या रेषेखाली पाडावी लागतात, तेव्हा बोट पावसाळ्यात जमिनीवर असतानाच काम काढा, आणि सीलंट पूर्ण सुकेपर्यंत बोट पाण्यात उतरवू देऊ नका.