नासाचं फर्म्स: वणव्याचे लाल ठिपके आणि आमचं मोहाचं जंगल (तीन उन्हाळे वापरून लिहितोय)

जंगलाच्या आगीचे लाल ठिपके दाखवणारी फर्म्स नावाची नासाची वेबसाइट आहे, पूर्ण फुकट, मोबाईलवर पण चालते. आमच्या ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मिळालेलं जंगल आहे, गडचिरोलीकडचं, साग, ऐन, मोह, तेंदू आणि एका डोंगरउतारावर बांबू. तिथं आम्ही ही वेबसाइट तीन उन्हाळे वापरली. वनहक्कवाल्या बाकी गावांना उपयोग होईल म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

बहुतेक लोक ही साइट एप्रिलमध्ये उघडतात, आग कुठं लागलीय बघायला. त्यासाठी ती ठीकच आहे, उपग्रह वरून गेल्यावर साधारण तीन तासांत ठिपका दिसतो, पण तीन तासांत वाळलेल्या पाल्याची आग कुठल्या कुठं गेलेली असते. माझ्या मते हिचा खरा उपयोग जानेवारीत आहे. आपल्याकडे आगीचा हंगाम १५ फेब्रुवारीपासून धरतात, त्याच्या आधी जाळरेषा (आग अडवायला पालापाचोळा काढून मोकळे केलेले पट्टे) साफ व्हायला पाहिजेत, आणि गावाकडे माणसं मोजकी, पाला उडवायचा ब्लोअर एकच, तो पण भाड्याचा. सगळं जंगल झाडून काढणं शक्य नाही, मग पालापाचोळा कुठला काढायचा आणि कुठला राहू द्यायचा हे ठरवावंच लागतं.

तर आम्ही काय केलं, साइटवरच्या आर्काइव्हमधून आमच्या भागाचे जुने ठिपके मागवले. उपग्रहावरच्या व्हायर्स नावाच्या सेन्सरचा डेटा २०१२ पासूनचा मिळतो आणि मोडिस नावाच्या जुन्या सेन्सरचा तर २००० च्या शेवटापासून. ईमेल टाकला की फाइल येते. एका पोराने ती गुगल अर्थवर टाकली, गावची हद्द आखली आणि तालुक्याला जाऊन मोठा कागद छापून आणला. तो कागद ग्रामसभेत सतरंजीवर पसरला तेव्हा जे झालं ते मला कुठल्याच ट्रेनिंगमध्ये बघायला मिळालं नव्हतं. नाल्याच्या वळणावर ठिपक्यांचा दाट पुंजका होता, त्यावर एका बाईंनी बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "इथं तर आपले मोह आहेत ना भाऊ." कुणी काही बोललं नाही, कारण मोहफुलं वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात हे सगळ्यांना माहीत होतं, फक्त दरवर्षीची आग एकाच कागदावर कधी कुणी पाहिली नव्हती.

मला वाटलं झालं काम, जिथं ठिपके जास्त तिथं जाळरेषा मारू. तेव्हा एका म्हाताऱ्या काकांनी अडवलं, बांबूच्या उताराकडे दाखवून म्हणाले इथं दोनच ठिपके आहेत म्हणून सोडणार का? आणि त्यांचं बरोबर होतं. ठिपका फक्त एवढंच सांगतो की आग कुठं लागत आली. लागली तर किती भडकेल आणि तिथं आपलं जाणार काय, या दोन गोष्टी त्यात नाहीत. बांबूच्या बेटांत वाळलेल्या काड्या अडकलेल्या, वरून चढ, आणि चढावर आग झपाट्याने वर धावते कारण वरचा पाला ज्वाळेच्या धगीनेच वाळून तयार होतो. गावाचं वर्षाचं उत्पन्नही त्याच उतारावर. म्हणून पहिली जाळरेषा बांबूच्या पायथ्याशी मारली, वाळलेल्या काड्या बाहेर काढल्या, आणि मोहाखाली जाळरेषा न मारता पाला जाळायच्या ऐवजी झाडून लांब न्यायचा असं ठरलं. काही घरांनी झाडाखाली जाळी बांधली, फुलं स्वच्छ मिळतात आणि पेटवायची गरजच राहत नाही.

आता अडचणी. ठिपका म्हणजे आगीची नेमकी जागा नव्हे, व्हायर्सचा ठिपका ३७५ मीटरच्या चौकोनाचा मध्य असतो, म्हणजे साधारण १४ हेक्टरमध्ये आग कुठंही असू शकते. मोडिसचा चौकोन तर १ किलोमीटरचा. पोरं पहिल्यांदा नेमक्या ठिपक्यावर गेली तर तिथं हिरवंगार, आग टेकडीच्या पलीकडे होती. उपग्रहाच्या दोन फेऱ्यांच्या मधे लागून विझलेली छोटी आग दिसतच नाही, आणि शेतातली धसकटं जाळली तरी ठिपका येतो, त्यामुळे हद्दीवरचे ठिपके गावच्या माणसाला विचारल्याशिवाय मोजू नका.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वेळ. डेटामधली वेळ आपली नसते, जागतिक वेळ (यूटीसी) असते, त्यात साडेपाच तास मिळवायचे. पहिल्या वर्षी आम्ही वेळेच्या रकान्यात २०१० (म्हणजे २०:१०) वाचून रात्रीचे ८ वाजून १० मिनिटं धरले आणि बाजारातून परतणाऱ्यांवर संशय घेतला, खरी वेळ मध्यरात्रीनंतर १ वाजून ४० मिनिटं होती. ती पण उपग्रहाने आग पाहिल्याची वेळ, आग लागल्याची नाही. त्या माणसांची नंतर माफी मागितली, पण त्यांना लागायचं ते लागलं होतं, म्हणून हे मुद्दाम लिहितोय.

देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाची पण आगीच्या सूचनांची सोय आहे, नंबर नोंदवला की बीटपर्यंतची (म्हणजे वनरक्षकाच्या हद्दीपर्यंतची) सूचना मोबाईलवर येते, ती नक्की घ्या, दोन्ही वापरा. त्यांचा आगप्रवण जंगलांचा नकाशा पण चांगला आहे, देशातलं ३६ टक्क्यांहून जास्त वनक्षेत्र वारंवार आग लागण्याजोगं आहे हे त्यातूनच पुढे आलं. पण तो ५ किलोमीटरच्या चौकोनांचा आहे, वनविभागाला पैसा कुठं द्यायचा हे ठरवायला योग्य, आमचं तर अख्खं जंगल एकाच रंगात येतं.

फर्म्सला पाचपैकी चार. एक कमी कारण मराठी नाही, आणि पाला किती साठलाय ते तिला दिसत नाही. त्यासाठी पायीच जावं लागतं. आम्ही आता प्रत्येक पुंजक्यावर आणि बाकी जंगलातही जाऊन पाल्यात हात घालून बघतो, जानेवारीत मनगटापर्यंत हात जातो आणि तळाला ओल लागते, मार्चमध्ये तोच पाला खालपर्यंत कुरकुरीत असतो. जिथं जानेवारीतच ओल लागली नाही तिथं कागदावर पेनाने फुली मारतो, यंदा अशा सात फुल्या आहेत आणि त्यातल्या तीन ठिकाणी एकही ठिपका नाही.