सेंट आयल्स स्किफ आणि तिच्यावरची माणसं : चारही ऋतूंनंतरचा अनुभव

एडिनबर्गला नव्याने आलेल्या माणसाला दोन सल्ले हमखास मिळतात : जिम लाव आणि मराठी मंडळात ये. दोन्ही केलं. जिम सुटली, मंडळ गणपती-दिवाळीपुरतं उरलं. तिसरी गोष्ट टिकली, ती म्हणजे फर्थ ऑफ फोर्थच्या, म्हणजे एडिनबर्गलगतच्या समुद्राच्या खाडीच्या काठावरचा एक वल्हवण्याचा क्लब. आता चारही ऋतू बघून झाले, म्हणून लिहिते.

आधी नावेबद्दल. टीव्हीवर दिसते ती सरकत्या सीटची, सुईसारखी बोट ही नव्हे. सेंट आयल्स स्किफ २२ फूट लांब, पोटात रुंद, प्लायवूडच्या फळ्या एकीवर एक चढवून केलेली. इयन ऑट्रेड यांनी फेअर आयल बेटावरच्या जुन्या होड्यांवरून आराखडा काढला, तो करवून घेतला अँस्ट्रदर गावातल्या स्कॉटिश फिशरीज म्युझियमने, आणि २००९ मध्ये पहिली नाव पाण्यात गेली. कापलेल्या फळ्यांचं किट मिळतं, नाव गावाने स्वतः बांधायची. खाडीपलीकडच्या फाइफच्या किनाऱ्यावर कोळसाखाणीतले कामगार पूर्वी गावागावांत अशा शर्यती लावायचे. त्या बंद पडल्या होत्या, त्या या नावेने पुन्हा सुरू केल्या. २०१३ मध्ये स्कॉटलंडच्याच अल्लापूल गावी पहिली जागतिक स्पर्धाही झाली.

आमच्या नावेची फळी न् फळी बसवणारी मंडळी अजून क्लबात आहेत. दगडावर नाव घासली की त्यांचे चेहरे बघवत नाहीत.

बसतात पाच जण. चौघांकडे एकेक वल्हं, पाचवा कॉक्स, म्हणजे सुकाणू धरणारा. वल्हवणाऱ्यांची पाठ पुढे आणि तोंड मागे, त्यामुळे नाव कुठे चालली आहे ते फक्त कॉक्सला दिसतं. या सगळ्या प्रकाराची खरी गंमत आकड्यात आहे. तिघांत नाव निघत नाही. सकाळी साडेसहाला अंथरुणात ‘आज नको’ असं वाटतं तेव्हा आपल्यामुळे चौघं किनाऱ्यावर ताटकळतील हेही लगेच आठवतं. जिमला माझी गरज नव्हती. इथे दोन नंबरच्या फळीवर कुणीतरी लागतंच. मैत्री वगैरे नंतर झाली, आधी ही बांधिलकी आली.

आणि मैत्रीही विचित्रच. वल्हवताना बोलायला दम उरत नाही, समोर असते ती फक्त पुढच्याची पाठ. माझ्यापुढे बसणारे एक निवृत्त प्लंबर आहेत. त्यांच्या घरी कोण कोण असतं हे मला कित्येक महिने माहीत नव्हतं, पण डावा खांदा दुखत असला की ते वल्हं पाण्यातून उचलताना किंचित घाई करतात, हे पक्कं ठाऊक होतं. त्या घाईला आपलं वल्हं जुळवून घ्यायचं. चारही वल्ही एकदम पाण्यात पडली की वल्ही टेकवायच्या खुंट्यांचा एकच ‘टक’ ऐकू येतो. एक जरी मागे राहिलं तरी ‘टक-टक’ होतं, आणि कॉक्स बाई न रागावता फक्त म्हणतात, ‘टू, लेट.’ नाव न घेता नंबराने हाक मारली की कुणाला लागत नाही, असं त्यांचं मत. मला पटलं.

ऋतूंचं म्हणाल तर वसंत फसवा. एप्रिलमध्ये ऊन लख्ख, पाणी मात्र सात-आठ अंशांच्या आसपास, आणि पूर्वेचा वारा सुटला की ‘हार’ येतो. हे समुद्रावरचं दाट धुकं. बघता बघता इंचकीथ बेट गायब होतं. हार येताना दिसला की नाव सरळ किनाऱ्याकडे वळते, त्यावर चर्चा होत नाही. माझं माहेर रत्नागिरीचं, भरती-ओहोटी लहानपणापासून पाहिलेली; पण इथे उधाणाला पाणी पाच मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. ओहोटीला निघालं तर ट्रॉली ओल्या वाळूतून इतकी लांब ओढावी लागते की वल्हवण्याआधीच घाम फुटतो. त्यामुळे आठवड्याचं वेळापत्रक घड्याळ नाही, भरती ठरवते.

उन्हाळा सगळ्यांनाच आवडतो, त्यात नवल नाही. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड, सील डोकं वर काढून बघत असतात, गॅनेट पक्षी उंचावरून सूर मारतात. पण माझी एकमेव खरी तक्रारही उन्हाळ्याचीच. शर्यतींचे दिवस आले की चमू निवडला जातो, एरवी सगळे सारखे असलेल्या क्लबात अचानक वेगवान आणि बाकीचे असे दोन गट पडतात. यादी लावणाऱ्यांना वाईट वाटत असेलही, पण यादी लागते. बाकीच्यांनी सँडविच आणि ट्रॉली सांभाळायची. दोन महिने चहाच्या गप्पाही जरा जपूनच होतात.

ऑगस्ट-सप्टेंबरात समुद्र वर्षातला सगळ्यात उबदार. तिकडे कोकणात नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात जातात, इकडे त्याच सुमारास हंगाम आटपायला लागतो.

हिवाळ्यासाठी मात्र मी पैकीच्या पैकी गुण देईन. डिसेंबरात पावणेचारला सूर्य मावळतो, त्यामुळे पाण्यावर जाणं शनिवार-रविवारपुरतंच, तेही वारा परवानगी देईल तेव्हा. निम्म्या फेऱ्या रद्द होतात. मग नाव शेडमध्ये उलटी करून ठेवायची आणि बुधवारी संध्याकाळी सगळ्यांनी पॉलिशपेपर घ्यायचा. जुनं व्हार्निश घासून काढायचं, धूळ पुसायची, नवा हात द्यायचा, वाळू द्यायचा, पुन्हा घासायचं. हात कामात आणि तोंड मोकळं, म्हणून उन्हाळाभर न झालेलं बोलणं इथे होतं. प्लंबरकाकांची पत्नी बराच काळ आजारी आहे हे मला वल्ह्याच्या पात्यावर पॉलिशपेपर फिरवताना कळलं. त्यानंतर आठवडाभरात त्यांच्या घरी जेवण पोचवण्याची पाळी लागली होती. कुणी भाषण केलं नाही, भरतीच्या तक्त्याशेजारी एक कागद चिकटला आणि त्यावर नावं भरत गेली. यादीत वेगवान आणि बाकीचे, दोघंही होते.

खर्च फार नाही. वर्षाची वर्गणी इथल्या जिमच्या दोन-तीन महिन्यांच्या फीइतकी, लाइफजॅकेट क्लबचं. तळहाताला बोटांच्या मुळाशी फोड येतात, दोनेक महिन्यांत तिथे घट्टे पडतात आणि मग त्रास जातो. हातमोजे घालू नका, वल्ह्याची पकड कळत नाही. कडाक्याच्या थंडीत तेवढी सूट. कंबर दुखणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं, कारण सीट सरकत नाही आणि बराच जोर पाठीवर येतो. ज्यांना एकट्याने, आपल्या वेळेला व्यायाम हवा त्यांनी या वाटेला जाऊ नये.

यायचं असेल तर मेमध्ये या. एक फेरी बिनपैशांची मिळते का ते क्लबला विचारा, बरेच जण देतात. जीन्स नको, भिजली की दिवसभर ओली राहते. लोकरीचे मोजे, उंच गमबूट आणि कोरड्या कपड्यांची पिशवी आणा, आणि कॉक्सवर तुमचा नंबर पुकारायची वेळ यायच्या आत पुढच्याच्या पाठीकडे बघायला शिका.