स्पॅनिश: चौदा महिन्यांच्या वापरानंतर

मुक्काम व्हॅलेन्सिया, स्पेन. कालावधी सप्टेंबर २०२४ ते नोव्हेंबर २०२५. वापरणारी सांगलीची, वय अडतीस, नवऱ्याच्या नोकरीपायी आलेली, सोबत सात वर्षांची लेक. एकदा घेतली की परत करता येत नाही.

निघायच्या आधी चार महिने मोबाइलवर एका नावाजलेल्या ॲपवर रोज अर्धा तास घालवला. एकही दिवस चुकवला नाही, त्यामुळे विमानात बसताना कॉलर टाइट होती. इथं उतरल्यावर कळलं की ॲपनं मला लॅटिन अमेरिकेत बोलतात ती स्पॅनिश शिकवली होती. गाडीला 'कार्रो' म्हणायला शिकले होते, इथं 'कोचे'. फळांचा रस 'खुगो' नाही, 'थुमो'. कॉम्प्युटर 'ओर्देनादोर'. चारचौघांना मिळून 'तुम्ही' म्हणायचा 'बोसोत्रोस' इथं पावलोपावली ऐकू येतो, तो ॲपमध्ये नावालासुद्धा नव्हता. आणि 'ग्रासियास' म्हटलं की दुकानदार 'ग्राथिआस' म्हणून परत करतो. ॲप वाईट नाही, शब्दसाठा होतो. पण मांजर दूध पिते आणि मुलगा सफरचंद खातो, यावर परदेशात संसार चालत नाही.

पहिले दोन महिने सगळे कागदांत गेले. आधी घराच्या पत्त्याची नगरपालिकेत नोंद, तिला 'एम्पाद्रोनामिएन्तो' म्हणतात. ती झाली की शाळा आणि सरकारी दवाखान्याचं 'सिप' कार्ड. मग बोटांचे ठसे देऊन परदेशी माणसाचं ओळखपत्र. प्रत्येक ठिकाणी आधी वेळ घ्यावी लागते, तिचं नाव 'थीता प्रेबिया'. इथली भारतीय मंडळी सरळ 'सीता' म्हणतात. 'सीता मिळाली का?' 'नाही हो, रात्री बारापर्यंत शोधतोय.' रामायण झालं की नाही!

दुसरा धक्का मेट्रोत. बाहेर पडायचा रस्ता शोधत होते, पाठ केलेला शब्द 'सालीदा'. पाटीवर तो नव्हताच, होता 'एइशिदा'. इथं दोन भाषा चालतात, स्पॅनिश आणि व्हॅलेन्सियन. पाट्या, शाळेची पत्रं, मेट्रोतल्या सूचना बऱ्याचदा दुसरीत. भाषाशास्त्रवाले हिला बार्सिलोनाकडच्या कातालान भाषेचंच एक रूप मानतात, पण बाजारात तसं बोलून वाद ओढवून घेऊ नका. कोकणी-मराठी वाद ज्यानं ऐकला आहे त्याला जास्त सांगायची गरज नाही.

२९ ऑक्टोबर २०२४ ची रात्र. आम्ही जेवत होतो. आठ वाजून अकरा मिनिटांनी दोघांचे फोन एकदम किंचाळले. असा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. पडद्यावर लांबलचक मजकूर. मला त्यातला 'आलेर्ता' एवढाच शब्द लागला. नवऱ्याला तोही नाही. मजकूर कॉपी करून भाषांतरात टाकेपर्यंत हाताला घाम सुटला. प्रांतात कुठेही प्रवास करू नका, असं त्यात होतं. खिडकीबाहेर आमच्या भागात धड पाऊसही नव्हता.

पाणी दक्षिणेकडच्या गावांत शिरलं होतं, पाइपोर्ता, कातार्रोखा आणि आसपास. दोनशेवीसहून जास्त माणसं गेली. १९५७ च्या पुरानंतर तुरिया नदी शहराच्या दक्षिणेला वळवली. जुन्या कोरड्या पात्रात आता बाग आहे, तिथं आम्ही संध्याकाळी फिरायला जातो. नदी वळवलेली म्हणून या खेपेला शहर वाचलं. सांगलीत २०१९ साली कृष्णेचं पाणी माहेरच्या माळ्यापर्यंत आलेलं पाहिलं आहे, त्यामुळे घरी बसवेना. दोन-तीन दिवसांनी हजारो लोक झाडू आणि फावडी घेऊन पूल ओलांडून त्या गावांकडे चालत निघाले, त्यांत मीही गेले. बार्रो म्हणजे चिखल, पाला म्हणजे फावडं, कुबो म्हणजे बादली. बोलायला कुणाला वेळ नव्हता. रांगेत उभं राहून बादली पुढे द्यायची, 'तोमा' म्हणायचं, म्हणजे घे. त्या दिवशी घरी आले आणि ॲप काढून टाकलं. राग म्हणून नव्हे, पुरत नव्हतं म्हणून.

मग क्लास. आधी एका खाजगी अकादमीत सहा आठवडे. शिकवणाऱ्या बाई इंग्रजीतून समजावायच्या आणि तिथंच माझं घोडं पेंड खायचं. उदाहरण 'मे गुस्ता'चं. 'मला आवडतं' यासाठीचा शब्दप्रयोग. इंग्रजीवाल्यांना तो उलटा वाटतो, म्हणून पुस्तकात त्यावर अख्खा धडा, बाण, चौकटी, 'लक्षात ठेवा' वगैरे. मीही मान डोलवत ते पाठ करत होते. जानेवारीत प्रौढांच्या सरकारी शाळेत गेले. तिथं युक्रेन, मोरोक्को, सेनेगल, पाकिस्तान अशा सगळीकडची माणसं, इंग्रजी सगळ्यांना येतच नाही, म्हणून मास्तर फक्त स्पॅनिश बोलतात. त्यांनी फळ्यावर दोन वाक्यं लिहिली: 'मे गुस्ता एल मांगो', 'मे गुस्तान लोस मांगोस'. आणि माझ्या डोक्यात लख्ख पडलं: मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात! क्रियापद आंब्याच्या मागे जातं, माझ्या नाही. हे तर मी दोन वर्षांची असल्यापासून बोलते आहे. मधल्या इंग्रजीच्या वळणानं घरचाच रस्ता परका करून ठेवला होता.

त्या दिवसापासून वहीत डावीकडे स्पॅनिश, उजवीकडे मराठी. इंग्रजीला वहीत जागा नाही. आणि काय काय सापडत गेलं! हातातून कप पडला तर इथं 'मी कप पाडला' असं सहसा म्हणत नाहीत. 'से मे आ काइदो', म्हणजे माझ्या हातून पडला. कप आपला आपण पडतो, आपण नुसते तिथं असतो. सांगलीच्या स्वयंपाकघरात फुटलेल्या प्रत्येक बशीची हीच कैफियत. 'ओखाला युएबा' म्हणजे पाऊस पडो. ज्या क्रियारूपाला इंग्रजीतून शिकणारे घाबरतात आणि पुस्तकं ज्याच्यावर पानंच्या पानं खर्च करतात, ते आपल्या 'पडो, होवो, यावंस' यात बसलेलं आहे. 'किएरो के बेंगास' म्हणजे तू यावंस असं मला वाटतं. अगदी शंभर टक्के जुळतं असं नाही, पण वाट दिसते.

उच्चारांतही फायदा आहे. इथला त आपला दातांचा त आहे. वर्गातल्या एका इंग्रज आजोबांना मास्तरांनी 'हिच्यासारखा म्हणा' म्हणून माझ्याकडे पाठवलं, तेव्हा मूठभर मांस चढलं. शब्दही ओळखीचे निघतात. पोर्तुगीजांकडून आपण घेतलेला पगार इथं 'पागार', म्हणजे पैसे चुकते करणं. मेज 'मेसा', बटाटा 'पाताता', चावी 'याबे'. ज्या संत्र्यासाठी व्हॅलेन्सिया प्रसिद्ध ते 'नारांखा', म्हणजे आपलं नारिंग, आपल्याकडूनच अरबांच्या वाटेनं इथवर पोचलेलं.

मराठी तोंडावर पाडते अशाही जागा आहेत. घरमालकीण एकदा खालून बेल वाजवून म्हणाल्या की जरा खाली ये, कागद द्यायचा आहे. मी आपलं 'आले, आले' या थाटात 'बेंगो, बेंगो' ओरडले आणि चप्पल शोधत राहिले. खाली गेले तर बाई दाराकडे पाठ करून रस्त्याच्या दोन्ही टोकांना बघत उभ्या. 'दे दोंदे बिएनेस?' कुठून येतेस? त्यांना वाटलं मी बाहेर आहे आणि घराकडे येते आहे. इथं आपल्या जागेवरून दुसऱ्याकडे निघताना 'बोय', म्हणजे 'जाते', असंच म्हणायचं. ज्या घरात 'जाते' म्हटलं की आजी 'येते म्हण' म्हणून दटवायची, त्या घरातून आलेल्या बाईच्या जिभेवर हे बसायला पाच महिने लागले. 'सेर' आणि 'एस्तार' तर अजून बसलेलं नाही. आपल्याकडे एकच 'आहे', इथं दोन. मी हुशार आहे म्हणायला गेले की मी तयार आहे असं होतं. आणि हात बाईमाणूस आहे, 'ला मानो'. तीन लिंगं सांभाळणाऱ्या माणसाला दोनाची काय भीती, असं वाटायचं. तशी भीती नाही, पण नोंद कुठलीच जुळत नाही.

वरच्या मजल्यावर पंचाहत्तरीच्या एक बाई राहतात. मी त्यांना आदरानं 'उस्तेद' म्हणायचे, म्हणजे आपण. महिनाभरानं त्यांनी जिन्यात अडवलं आणि म्हणाल्या, मला 'तू' म्हण, बँकेत आल्यासारखं वाटतं. जड गेलं. इथं डॉक्टरला, दुकानदाराला, लेकीच्या बाईंना सगळ्यांना 'तू'च चालतं. मग लक्षात आलं की आपणही आजीला 'अगं आजी, तू' असंच म्हणतो, 'अहो' आजोबांसाठी. त्या दिवसापासून त्या आजी झाल्या आणि माझी निम्मी स्पॅनिश त्यांच्या स्वयंपाकघरात झाली. या शिकवणीला फी नाही. बदल्यात कांदाभजी. बेसनाला 'आरिना दे गार्बान्थो' म्हणतात हे त्यांनीच सांगितलं.

बाजारात रांग दिसत नाही, पण असते. आल्या आल्या विचारायचं, 'किएन एस ला उल्तिमा?' शेवटचं कोण? कुणीतरी हात वर करतं, त्या बाईचा चेहरा लक्षात ठेवायचा आणि खुशाल बाकावर बसायचं. दवाखान्यातही हेच. पहिल्या महिन्यात न विचारता पुढे गेले आणि चार बायकांनी जे सुनावलं ते कळलं नाही हे एक बरंच झालं. कोथिंबीर मागताना दुसरी फजिती. 'थिलान्त्रो' म्हटलं तरी बाईनं दिसायला तशीच असणारी 'पेरेखील' पिशवीत टाकली, वर पैसेही घेतले नाहीत. भाजीवर पेरेखीलची जुडी फुकट घालायची इथं रीतच आहे. आपल्या भाजीवाल्याच्या कढीपत्त्यासारखी. डाळीला मात्र ती चालत नाही, करून पाहिली.

शाळेचा भाग वेगळाच. पुढच्या वर्षी मुलांना मुख्यतः कुठल्या भाषेतून शिकवायचं, व्हॅलेन्सियन की स्पॅनिश, यावर २०२५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये सरकारनं पालकांची मतं घेतली. म्हणजे जिला दोन्हीपैकी एकही धड येत नाही तिनं पोरीचं माध्यम ठरवायचं. आम्ही दोन रात्री वाद घातला. काय मत दिलं ते इथं सांगत नाही. लेक दोन्ही बोलते, आणि माझ्या 'र'चा उच्चार सुधारते.

आता २८ एप्रिल. सान विसेन्तेची सुट्टी, सगळे घरी. वरणाचा कुकर लावलेला, दुसरी शिट्टी होणार, साडेबाराच्या सुमाराला विजेची शेगडी गप्प. जिन्यात आजींचा आवाज: 'से आ इदो ला लुथ!' लाइट गेली. शब्दाला शब्द, लाइट गेली. मला भाषांतर करावंच लागलं नाही, कानातून थेट पोटात गेलं. सांगलीच्या माणसाला लोडशेडिंगचं काय कौतुक! मी समई काढली. पण थोड्या वेळात फोनही मेला, इंटरनेट गेलं, म्हणजे भाषांतराचा आधारही गेला. खाली फुटपाथवर कुणीतरी बॅटरीवरचा जुना रेडिओ आणून ठेवला होता, भोवती वीसेक माणसं. मी उभी राहिले. अख्खा स्पेन, पोर्तुगालसुद्धा. कारण माहीत नाही. लिफ्टमध्ये, गाड्यांत लोक अडकलेत. गरज नसेल तर फोन वापरू नका. सगळं नाही कळलं, पण जेवढं हवं तेवढं कळलं. वर येऊन नवऱ्याला सांगितलं. ऑक्टोबरच्या त्या रात्रीला एक दिवस कमी सहा महिने झाले होते. आमच्या इमारतीत दिवे रात्री आले. वरण कच्चंच राहिलं, आजींच्या गॅसवर पुरं केलं.

कुणाला उपयोगी पडेल म्हणून पटकन: सरकारी भाषाशाळा, 'एस्कुएला ओफिथिआल दे इदिओमास', खाजगी क्लासपेक्षा पुष्कळ स्वस्त आहे. प्रवेशाच्या ठरलेल्या तारखा असतात आणि आधी थोडं येत असेल तर पातळी ठरवायची परीक्षा देऊन वरच्या वर्गात बसता येतं. मी या सप्टेंबरपासून जाते. नागरिकत्वाचा विचार असेल तर आपल्याला साधारणपणे दहा वर्षांचं वास्तव्य लागतं. लॅटिन अमेरिकेतल्यांना दोनच, फिलिपिनो लोकांनाही दोन. हे ऐकून नवरा दिवसभर धुसफुसत होता. शिवाय 'ए-दोस' पातळीची भाषा-परीक्षा आणि पंचवीस प्रश्नांची देशाविषयीची परीक्षा, त्यात पंधरा बरोबर यावे लागतात. बारमधल्या भाषा-अदलाबदलीच्या बैठकांना मी चारदा गेले. अर्धा तास इंग्रजी, अर्धा तास स्पॅनिश, असं ठरतं, पण पहिलाच अर्धा तास संपत नाही. सोडून दिलं.

सगळ्यात कच्चा विषय फोन. समोर माणूस असला की ओठ, हात, भुवया दिसतात, निम्मं काम तिथंच होतं. फोनवर नुसता आवाज, तोही घाईत. नंबर सांगतानाही आधी तिघांचा गठ्ठा, मग दोन-दोन: सहाशे बेचाळीस, पंधरा, सदतीस, ऐंशी. लिहून घेईपर्यंत पुढचा गठ्ठा येतो. इथं मी स्वतःला दहापैकी तीन देते.

उद्या सकाळी दाताच्या डॉक्टरांची सीता फोनवरूनच घ्यायची आहे. कागदावर वाक्यं लिहून ठेवली आहेत, डावीकडे स्पॅनिश, उजवीकडे मराठी. लेक मघाशी म्हणाली, 'आई, मी बोलू का?' नको म्हटलं. शेजारी बसून राहा म्हटलं.