व्हॅली फोर्ज पार्क: फुकट आहे, पण चालायची तयारी ठेवा

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातलं हे पार्क, एंट्री फ्री, मैदान मात्र अफाट. लाकडी झोपड्या नव्याने बांधलेल्यात, त्यात डोकावलं की अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात १७७७-७८च्या हिवाळ्यात वॉशिंग्टनचं सैन्य कसं राहिलं असेल ते कळतं, जवळपास २००० माणसं इथे रोगराईनेच गेली म्हणे. मला खरा इंटरेस्ट श्टॉयबेनमध्ये होता, प्रशियातून (जुनं जर्मन राज्य) आलेला या सैन्याचा सल्लागार, इंग्रजी जेमतेम, फ्रेंचमध्ये सूचना लिहायचा आणि दुसरे लोक त्याचं इंग्रजीत भाषांतर करायचे, शिव्यासुद्धा ट्रान्सलेटरकडून! वर बायोडाटा फुगवलेला, होता कॅप्टन, ओळख करून दिली लेफ्टनंट जनरल म्हणून. पण साधारण १०० जणांची तुकडी स्वतः कवायत करून घडवली, तिने पुढे बाकीच्यांना शिकवलं. त्याचा पुतळा कवायतीच्या मैदानाकडे तोंड करून आहे. सावली कमी, टोपी घ्या. चार स्टार.